शिवण बाहेरून

वेलंसियाने निळ्या पेनाने माझ्या छातीवर रेघ ओढली
आणि मी मनात म्हटलं,
पोरी, खडू वाकडा धरलायस.
तेवीस वर्षं डिचोलीच्या बाजारात
मी बायकांची मापं घेते.
रेघ कुठून निघते, कुठे वळते,
टक्स कुठे घ्यायचा, मला विचार.
तिने नाही विचारलं.
"आंघोळीत सांभाळा हां, पुसायची नाही,"
म्हणाली, आणि जड दार लावून
सगळीजणं बाहेर गेली.

एकवीस दिवस, शनिवार-रविवार सोडून.
पहाटेची कदंबा, पणजीला दुसरी,
मग बांबोळीचा चढ.
हात डोक्यावर, हनुवटी वर, श्वास धरा.
यंत्र दोन मिनिटं गुणगुणतं.
माझी शिलाई मशीन याहून जास्त बोलते.
काही लागत नाही, काही दिसत नाही.
पहिल्या आठवड्यात तर घरी येऊन
चवथीचे तीन ब्लाउज संपवले
आणि गुरुदासला म्हटलं,
बघ, उगाच घाबरवत होते.

मग बारावा दिवस.
काखेखाली आधी खाज,
मग लाल, मग काळपट तांबडं,
उन्हात वाळत घातलेल्या भिंडांच्या सोलांसारखं
कडेने सुरकुतलेलं.
गंमत म्हणजे, भाजलं तेही मापात.
चौकोनाच्या आत जळकं,
बाहेर माझंच सावळं अंग,
आणि मधली कड इतकी सरळ
की मला कात्रीने जमली नसती.

सासू म्हणे खोबरेल लाव.
डॉक्टर म्हणे सकाळी काहीच लावायचं नाही.
साबण नाही, पावडर नाही.
आवंढा गळ्याशी अडायचा,
पेजसुद्धा थंड करून, चमच्याने.
आणि थकवा? तो कसा सांगू.
सुईत दोरा ओवायला बसले
आणि दोरा ओठांत तसाच धरून
झोपून गेले.
घरात कुणी उठवलं नाही.

चवथीला यंत्रालाही सुट्टी.
डावा हात खांद्याच्या वर जाईना,
माटोळीचा सुपारीचा घोस
या वर्षी जावेने बांधला.
मी खाली बसून सांगत राहिले,
जरा उजवीकडे, अजून थोडा,
आणि ती ऐकत राहिली, एरवी कधी ऐकत नाही.

त्या रात्री कपाट उघडलं.
चाळीसेक ब्लाउज, सगळे माझ्या हातचे.
डिचोलीत माझ्या फिटिंगचं नाव आहे.
एकेक अंगाला लावून बघितला,
प्रत्येकाची शिवण नेमकी तिथेच चावली.
म्हणजे इतकी वर्षं मी हे
बायकांच्या अंगावर चढवत होते,
आणि त्या "छान बसला" म्हणून
पैसे मोजत होत्या.

सासऱ्यांचं जुनं धोतर काढलं,
धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं.
हुक नाही, टक्स नाही, बाजूला नाडी.
शिवणी सगळ्या बाहेरून घेतल्या,
दोऱ्याची टोकंही.
शिकवणाऱ्या बाईंनी बघितलं असतं
तर बोटांवर पट्टी मारली असती.

बांबोळीच्या बाकावर कुडतरीची इझाबेल
माझ्या खांद्याकडे बघत राहिली.
"उरफाटें घालां गे?"
मी तिचं बोट धरून
आतल्या बाजूने फिरवलं.
ती काही बोलली नाही.
गळ्याजवळची दोन बटणं काढून
तिने मला तिचा चौकोन दाखवला,
माझ्यापेक्षा मोठा, पाणी सुटलेला,
आणि म्हणाली, दोन शिव. पैसे घेणार असशील तरच.

वहीत तिचं नाव लिहिलं, लांबी, खांदा.
'छाती' पाशी पेन अडलं.
एका बाजूला घ्यायला माप होतं,
दुसऱ्या बाजूला टाके.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्या रकान्यात
आकडा नाही लिहिला.
लिहिलं: सैल.

आता खुंटीवर सहा आहेत.
एक काणकोणच्या शेवंतीचा,
तिचे अजून चौदा दिवस राहिलेत.
दिवसाला अर्धा होतो माझ्याने,
मग दोरा ओठांत.
चवथीचे राहिलेले ब्लाउज
दिवाळीला देईन म्हटलंय.
गिऱ्हाइकं कुरकुरतात. कुरकुरू देत.